पहिला श्वास आणि दूरचा डॉक्टर

महाराष्ट्रात बालमृत्यूंची चर्चा बहुधा पावसाळ्यात सुरू होते आणि दिवाळीच्या आत विरून जाते. मेळघाटातील वा सातपुड्यातील मृत्यूंचे आकडे वृत्तपत्रांत झळकतात, विधिमंडळात गदारोळ होतो, मंत्रिमहोदयांचा दौरा पार पडतो, एखादी समिती नेमली जाते, उच्च न्यायालय शासनाला जाब विचारते. आणि मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत सारे शांत असते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून हे चक्र असेच फिरत आले आहे. अलीकडे त्यात एका नव्या शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे टेलिमेडिसिन, अर्थात दूरवैद्यक. बालरोगतज्ज्ञ धारणीला किंवा धडगावला जाऊन राहावयास तयार नाहीत ना, मग त्यांना व्हिडिओच्या पडद्यावरून तेथे पोचवावे, असा हा विचार आहे.

या विचाराकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ झाल्या आहेत. राज्यकर्त्यांना आणि यंत्रे विकणाऱ्यांना तो रामबाण वाटतो. उलट, गावोगाव आरोग्याच्या प्रश्नावर झगडणाऱ्या अनेक कार्यकर्त्यांना तो निव्वळ देखावा वाटतो. जेथे डॉक्टर नाही, औषध नाही, रात्रीची वीज नाही, तेथे पडदा घेऊन काय करावयाचे, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. सवाल रास्त आहे; पण त्यातून पडदा निरुपयोगी ठरतो असे मात्र नाही. नुकत्याच जन्मलेल्या आणि श्वास न घेणाऱ्या बालकाच्या बाबतीत दूरचा तज्ज्ञ नेमके काय करू शकतो आणि काय करूच शकत नाही, हे तपासल्याखेरीज या वादात कोणत्याच बाजूला उभे राहणे योग्य होणार नाही.

साठ सेकंदांचा हिशेब

गर्भात असताना मुलाची फुप्फुसे हवेने नव्हे, द्रवाने भरलेली असतात. जन्मानंतरच्या काही क्षणांत तो द्रव बाजूला सरून तेथे हवा शिरावी लागते. बहुतेक मुले हे काम स्वतःच, रडत रडत, पार पाडतात. सुमारे दहा टक्के मुलांना मात्र कोणाची तरी मदत लागते. ही मदत फार गुंतागुंतीची नसते. मूल कोरडे करावे, उबेत ठेवावे, मानेची ठेवण सरळ करावी, पाठ चोळावी. एवढ्याने श्वास सुरू झाला नाही तर नाकातोंडावर मुखवटा बसवून अंबू बॅगने हवा द्यावी. छातीवर दाब देणे, श्वासनलिकेत नळी घालणे, औषधे टोचणे या उपायांची वेळ शंभरात एका मुलावरही येत नाही. परंतु जे करावयाचे ते जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात सुरू व्हावे लागते. म्हणूनच जगभरच्या प्रशिक्षणात या मिनिटाला सुवर्ण मिनिट म्हटले जाते.

यातून पहिली गोष्ट स्पष्ट होते. ही मदत करणारा हात त्या खोलीतच असला पाहिजे. साठ सेकंदांत कोणी अमरावतीहून धारणीला येऊ शकत नाही, आणि पडद्यावरचा डॉक्टर मुलाच्या तोंडावर मुखवटा बसवू शकत नाही. ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातील नर्सबाई यांच्यापैकी जी व्यक्ती त्या रात्री हजर असेल, तिचेच दोन हात बालकाच्या वाट्याला येतात. हे ओळखूनच केंद्र शासनाने २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला आणि बाळंतपण होते अशा प्रत्येक ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना हे कौशल्य शिकवावयाचे ठरविले. शिक्षण दोन दिवसांचे. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

एखाद्या ग्रामीण रुग्णालयात महिन्याला तीस बाळंतपणे होतात असे धरले, तर वर्षाची ३६० होतात. त्यांतल्या छत्तीस बालकांना काही ना काही मदत लागेल, आणि खरोखर जिवावर बेतलेला प्रसंग वर्षातून फार तर तीन-चार वेळा येईल. परिचारिका तीन पाळ्यांत काम करतात, बदल्या होतात, कंत्राटे संपतात. तेव्हा एकाच व्यक्तीला असा प्रसंग दोन-दोन वर्षे दिसणार नाही आणि मग एका रात्री अचानक समोर उभा राहील. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांचा हात रोजच्या सरावाने तयार झालेला असतो. लहान रुग्णालयात तो सराव होऊच शकत नाही. यात तेथील कर्मचाऱ्यांचा आळस नाही, अज्ञानही नाही. हा संख्येचा साधा हिशेब आहे, आणि रिक्त पदे उद्या शंभर टक्के भरली तरी तो बदलणार नाही. दूरवैद्यकाची गरज सिद्ध होते ती या ठिकाणी.

पडद्याचे खरे काम

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात असलेल्या मेयो क्लिनिक या संस्थेने २०१३ पासून आपल्या जाळ्यातील सहा लहान रुग्णालयांसाठी अशी सोय सुरू केली. प्रसूतिगृहात कॅमेरा व पडदा असलेली गाडी ठेवावयाची, अडचण आली की कळ दाबावयाची, आणि मुख्य रुग्णालयातील नवजात-तज्ज्ञाने तत्काळ पडद्यावर हजर व्हावयाचे, अशी ती योजना. ज्या बालकांसाठी ही मदत घेतली गेली, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश बालकांना पुढे मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले नाही. ती आपल्या गावच्या रुग्णालयात, आईपाशीच राहिली.

या तज्ज्ञाने दुरून काय केले? मुखवटा नीट बसला नाही तर हवा बाजूने निसटते आणि छाती वर उठत नाही. घाबरलेल्या, घाईत असलेल्या हाताला हे कळत नाही. बाजूला शांतपणे बसून पाहणाऱ्या डोळ्यांना ते चटकन दिसते. मान थोडी मागे करा, मुखवटा पुन्हा बसवा, तोंड उघडा, दाब वाढवा, आता छाती उठते आहे, तसेच चालू ठेवा: अशा पाच-सहा वाक्यांनी एक जीव वाचू शकतो. वेळेचे भान ठेवणे, हृदयाचे ठोके किती याची वारंवार आठवण देणे, पुढची पायरी कोणती ते सांगणे ही कामेही पडद्यावरून होऊ शकतात. मूल सावरल्यावर त्याला येथेच ठेवावे की हलवावे, हलवावयाचे तर त्याआधी रक्तातली साखर, शरीराची ऊब, श्वासाची अवस्था यांची काय व्यवस्था करावी, हे ठरविता येते.

आणखी एक काम आहे, ज्याविषयी क्वचितच बोलले जाते. काही बालकांचे हृदय सर्व प्रयत्नांनंतरही सुरू होत नाही. वीस मिनिटे उलटून गेल्यावर आता थांबावे का, हा निर्णय कोणी घ्यावयाचा? आज अनेक ठिकाणी तो एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा एकट्या परिचारिकेला घ्यावा लागतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना तिलाच तोंड द्यावे लागते. अशा वेळी अनुभवी डॉक्टराने त्या निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेणे ही मोठी मदत होय.

शेजारच्या कर्नाटकातील एक अनुभवही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या दृष्टिपटलाला होणारा विकार वेळीच ओळखला नाही तर मूल कायमचे अंध होते. २००८ पासून तेथे प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णालयांत जाऊन बालकांच्या डोळ्यांची छायाचित्रे घेतात व दूर बसलेले नेत्रतज्ज्ञ ती पाहून निदान करतात. मात्र दोहोंत एक फरक आहे. डोळ्याची तपासणी आठवडाभर पुढेमागे करता येते. श्वासाला सबूर नसते. म्हणून जी व्यवस्था डोळ्यासाठी पुरेशी ठरते ती श्वासासाठी पुरणार नाही. ई-संजीवनी ही केंद्र शासनाची योजना २०१९ पासून चालू आहे आणि बाह्यरुग्णांच्या सल्ल्यासाठी तिचा उपयोगही झाला आहे. परंतु आधी नोंदणी, मग रांग, मग डॉक्टर या क्रमाने चालणारी सेवा पहिल्या मिनिटाच्या कामाची नाही. तेथे रात्रंदिवस जागा असणारा माणूस हवा.

वाटेवरचे मरण

धारणीहून अमरावतीचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे, आणि वाट मेळघाटच्या घाटांतून जाते. सव्वा किलो वजनाचे मूल या वाटेने निघते तेव्हा त्याच्या आजाराइतकाच प्रवासही घातक ठरतो. अंगात चरबी नसल्याने ते झपाट्याने थंड पडते. थंड पडलेल्या मुलाची साखर उतरते, श्वास अडखळतो. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली माता व नवजात बालक यांना मोफत उपचार व मोफत वाहन मिळण्याचा हक्क आहे, आणि २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावत आहेत. या सोयींचे मोल कमी लेखू नये. परंतु वाहन मिळाले म्हणजे उपचार मिळाला असे होत नाही. वर पाठविणारा डॉक्टर आणि स्वीकारणारा डॉक्टर यांचे एकमेकांशी बोलणेच झाले नसेल, तर मूल केवळ एका दारातून दुसऱ्या दारात ढकलले जाते.

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. अनेक रुग्ण दुरून, अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला. हा खुलासा खरा मानला तरी त्याने शासनाची सुटका होत नाही. उलट प्रश्न अधिक धारदार होतो. ती बालके शेवटच्या अवस्थेला पोचेपर्यंत कोणकोणत्या रुग्णालयांच्या दारांतून गेली होती आणि त्या प्रत्येक दारात तज्ज्ञाचा सल्ला उपलब्ध होता काय, याचा हिशेब कोणी मांडावयाचा? ज्या मुलाला हलविण्याची गरज नव्हती त्याला हलविणे आणि ज्याला हलवावयाचे त्याला तयारीविना हलविणे या दोन्ही चुका पडद्यावरच्या दहा मिनिटांच्या संभाषणाने बऱ्याच अंशी टळू शकतात. मातेच्या उघड्या छातीशी मूल धरून ऊब देण्याची पद्धत तर बिनखर्चाची आहे. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर ती सुरू करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. रुग्णवाहिकेतही ती पाळता येते. फक्त तसे सांगणारे कोणी तरी हवे आणि आईला मुलासोबत नेले पाहिजे.

गडचिरोलीचा धडा

ज्ञान दूरच्या माणसाच्या हाती सोपविले तर काय घडते, याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिलेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्यास शिकविले. गुदमरलेल्या मुलाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे, इतकेच नव्हे तर इंजेक्शन देणेही त्यांना शिकविण्यात आले. हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर काही वर्षांतच २५ च्या आसपास आला. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचे जे काम आले, त्याची प्रेरणा या प्रयोगात आहे.

या प्रयोगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तज्ज्ञाविना काम भागते, असा तो नव्हे. सामान्य माणसाच्या हाताला कौशल्य देता येते, मात्र त्या हाताच्या पाठीशी नियमित देखरेख, साहित्याचा अखंड पुरवठा आणि विश्वास असावा लागतो, असा तो अर्थ आहे. दूरवैद्यकाकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. प्रसूतिगृहातील परिचारिकेच्या पाठीशी उभे राहण्याचे ते एक साधन आहे. तिला बाजूला सारण्याचे साधन म्हणून त्याचा वापर झाला, तर त्यात कोणाचेही हित नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. श्रीमंत देशांत जे सिद्ध झाले ते येथे जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. जन्मतः गुदमरलेल्या मुलाचे शरीर तीन दिवस थंड ठेवून मेंदूची हानी टाळण्याचा उपाय पाश्चात्त्य देशांत उपयुक्त ठरला होता. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील मोठ्या रुग्णालयांत त्याची पद्धतशीर चाचणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत उपाय घेतलेल्या गटात फायदा तर दिसला नाहीच, उलट मृत्यू अधिक झाले. तेव्हा दूरवैद्यकाचीही येथील रुग्णालयांत, येथील कर्मचाऱ्यांसह, प्रामाणिक तपासणी व्हावी, आणि निष्कर्ष अप्रिय निघाले तरी जाहीर व्हावेत.

रिकामी पदे आणि उजळलेले पडदे

दूरवैद्यकाचा खरा धोका त्याच्या अपयशात नाही. तो त्याच्या सोयीस्करपणात आहे. बालरोगतज्ज्ञाचे पद वर्षानुवर्षे रिकामे ठेवावयाचे आणि विचारणा झाली की पडद्याकडे बोट दाखवावयाचे, हा मोह कोणत्याही शासनाला सहज पडेल. पडद्याचे उद्घाटन करता येते, छायाचित्र काढता येते. परिचारिकेची नेमणूक कायम केल्याने कोणाच्या नावाची कोनशिला बसत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत सामावून घेण्याच्या मागणीसाठी २०२३ साली राज्यात संप करावा लागला. नवजात बालकांच्या कक्षांतील अनेक परिचारिका याच वर्गातील आहेत. आपली नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही याची जिला खात्री नाही, तिच्याकडून दुर्मीळ कौशल्य जपण्याची अपेक्षा करावयाची आणि तिच्यासमोर लाखोंचे यंत्र आणून ठेवावयाचे, ही विसंगती उघड आहे.

यंत्र आणणे सोपे, सांभाळणे कठीण, हे भंडाऱ्याने अत्यंत क्रूर रीतीने दाखवून दिले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या दक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. त्यांतली १० मरण पावली. ज्या खोलीत मूल वाचवावयास आणले, त्याच खोलीत ते गेले. त्या आगीनंतर नवी यंत्रे घेण्याच्या प्रत्येक प्रस्तावासोबत एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे: त्यांची देखभाल कोण, कोणत्या पैशातून आणि कोणाच्या सहीने करणार? वीज गेल्यावर पडदा काळा होणार असेल, सातपुड्याच्या दऱ्यांत संदेशवहनच पोचत नसेल, अंबू बॅगच्या मुखवट्याचा लहान आकार भांडारात शिल्लक नसेल, तर दूरचा तज्ज्ञ हताशपणे पाहत राहण्यापलीकडे काही करू शकणार नाही.

मेयो क्लिनिकच्या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या देशात पडद्यावरून नवजात बालके वाचविण्याची ही सोय झाली, त्याच देशात ग्रामीण रुग्णालयांतील प्रसूतिविभाग एकामागून एक बंद होत आले आहेत. बाळंतपणातून पुरेसा पैसा सुटत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण. तंत्रज्ञान कितीही प्रगत असले तरी प्रसूतिगृहच उरले नाही तर पडदा कोठे लावावयाचा? नफ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या आरोग्यव्यवस्थेत यंत्राची प्रगती आणि सेवेची पीछेहाट एकाच वेळी घडू शकतात.

जबाबदारी कोणाची?

येथे या प्रश्नाच्या राजकीय गाभ्याशी यावे लागते. दूरच्या टोकाला कोण बसणार? एखाद्या मोठ्या खाजगी रुग्णालयाशी करार करून ही सेवा विकत घ्यावी, हा मार्ग प्रशासनाला सुटसुटीत वाटेल. पण ज्याला रुग्ण आपल्याकडे आल्याने लाभ होतो, त्यालाच रुग्ण हलवावा की नाही हे विचारणे कितपत शहाणपणाचे? खाजगी अतिदक्षता विभागात पंधरा दिवस मूल ठेवावे लागले तर शेतमजुराचे कुटुंब कर्जात बुडते, हे सर्वज्ञात आहे. सल्ला देणाऱ्याचे हितसंबंध मुलाच्या हितसंबंधांशी जुळणारे असले पाहिजेत. म्हणून दूरचे टोक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतच असावे, आणि ते काम उपकार म्हणून नव्हे, नेमून दिलेले कर्तव्य म्हणून व्हावे.

याचा व्यावहारिक अर्थ असा. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात या सेवेसाठी चोवीस तासांच्या पाळ्या लावाव्यात आणि त्यासाठी स्वतंत्र पदे निर्माण करावीत. आधीच छत्तीस-छत्तीस तास राबणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या अंगावर हे काम टाकून मोकळे होणे म्हणजे एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने करणे होय. प्रसूतिगृहातील परिचारिकेला कोणाचीही परवानगी न घेता कळ दाबण्याचा अधिकार असावा. मदत मागणे हा कमीपणा मानला गेला तर पडदा बंदच राहील. झालेल्या प्रसंगाचे चित्रण ठेवले जाणार असेल, तर ते शिकण्यासाठी वापरले जावे; शिक्षेसाठी नव्हे. २०२० साली केंद्र शासनाने दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, परंतु अशा आणीबाणीच्या प्रसंगी जागेवरच्या कर्मचाऱ्याला संरक्षण कसे मिळेल, याची स्वतंत्र हमी राज्याने दिली पाहिजे. महिन्यातून एकदा याच पडद्यावरून बाहुलीवर सराव घेतला जावा, म्हणजे प्रसंग येईल त्या रात्री परिचारिका आणि तज्ज्ञ एकमेकांना अनोळखी राहणार नाहीत.

आणि आईला विसरून चालणार नाही. आपल्या मुलाचे काय चालले आहे, भिंतीवरच्या पडद्यात बोलणारा माणूस कोण, मुलाला कोठे नेणार, हे तिला कोरकूत, पावरीत वा माडियात, तिला उमजेल अशा भाषेत सांगणारे कोणी तेथे हवे. मुलाचे काय होते आहे हे जिला कोणी सांगत नाही, ती पुढच्या वेळी रुग्णालयाची पायरी चढणार नाही, आणि त्याचा दोष मग तिच्या अज्ञानावर टाकला जाईल.

चळवळीपुढील कर्तव्य

१९८० च्या दशकात बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा कामगार संघटनांनी त्यांना कडाडून विरोध केला. नोकऱ्या जातील ही भीती निराधार नव्हती. पण संगणक यावयाचा थांबला नाही, आणि तो कोणाच्या हितासाठी वापरावयाचा हे ठरविण्यात श्रमिकांचा वाटा मात्र जितका हवा होता तितका राहिला नाही. दूरवैद्यकाच्या बाबतीत त्या इतिहासाची पुनरावृत्ती होऊ नये. पुरोगामी चळवळीने या साधनाला नकार देऊन ते बाजाराच्या हवाली करणे म्हणजे आदिवासी व ग्रामीण मातांचा विश्वासघात ठरेल. पडदा हवाच, पण पदे भरून. तज्ज्ञ हवाच, पण सार्वजनिक व्यवस्थेचा भाग म्हणून, अशी मागणी एका दमात करावी लागेल.

या मागणीला पैशाची अडचण सांगितली जाईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ती मुदत टळून गेली. उद्दिष्ट गाठले गेले नाही. नवजात मृत्युदर २०३० पर्यंत एक आकडी संख्येवर आणण्याचा संकल्पही २०१४ सालीच जाहीर झाला आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, हा दर देशात हजारी २४.९ आणि महाराष्ट्रात १६.५ आढळला होता. महाराष्ट्र पुढे आहे, हे खरे. परंतु ही सरासरी पुणे आणि धडगाव यांना एकाच पारड्यात तोलते. सरासरी सुधारण्यासाठी शहरांतील सोयी वाढविणे पुरते. विषमता मोडावयाची तर मात्र डोंगरापलीकडच्या प्रसूतिगृहापर्यंत जावे लागते.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आकडे येतील आणि पुन्हा विधिमंडळात चर्चा होईल. त्या वेळी किती ठिकाणी पडदे बसविले, याचे उत्तर शासनाजवळ तयार असेल. विरोधी बाकांवरून आणि रस्त्यावरून विचारावयाचा प्रश्न वेगळा असला पाहिजे. रात्री दोन वाजता किती प्रसूतिगृहांत सरावलेली परिचारिका अंबू बॅग घेऊन हजर होती? तिने हाक दिल्यावर दुसऱ्या टोकाकडून किती सेकंदांत उत्तर आले? आणि सकाळ झाली तेव्हा किती मुले आपल्या आयांच्या कुशीत होती? या तीन आकड्यांची नोंद ठेवण्याचे बंधन शासनावर घातले गेले, तर दूरवैद्यक हे साधन आहे की सबब, याचा निकाल आपोआप लागेल.